पंधरा वर्षं ढोलकी वाजवली याचा पुरावा आणा

माझे मामा ढोलकी वाजवायचे. गणपतीत हौस म्हणून वाजवतात तसं नाही, पोटासाठी, तमाशाच्या फडात, दसऱ्याला घरातनं बाहेर पडायचं ते वैशाखात बुद्ध पौर्णिमेला परत, मधले सगळे महिने ट्रकवर नाहीतर राहुटीत, असं वीस-बावीस वर्षं. आता त्यांना अडुसष्ट चालू आहे, गुडघे गेलेत, एका कानाला कमी ऐकू येतं (तो हलगीवाल्याच्या बाजूचा कान असं ते म्हणतात). त्यांच्या मानधनाच्या फाईलमागं मी दीड वर्ष हिंडलो ते इथं लिहून ठेवतोय, कुणाला उपयोग झाला तर झाला, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या काही गोष्टी अजून डोक्यातनं जात नाहीयेत.

योजना नवीन नाही, १९५४-५५ पासूनची आहे. गावाकडं सगळे अजून 'वृद्ध कलावंत मानधन' असंच म्हणतात, पण आता नाव मोठं झालंय, राजर्षी शाहू महाराज ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन सन्मान योजना. आधी तीन वर्ग असायचे, अ म्हणजे राष्ट्रीय कलाकार, महिन्याला ३,१५० रुपये, ब राज्य पातळीचा २,७००, आणि क म्हणजे स्थानिक, २,२५०. मामांच्या फडातले एक सुरत्ये (गाणाऱ्यामागं सूर धरणारे) होते त्यांना ते क वर्गातलं मिळत होतं. अख्खी जिंदगी खानदेशापासून बेळगावच्या वेशीपर्यंत जत्रा केलेला माणूस, वर्षातनं सात महिने स्वतःच्या गावात नसायचा, आणि सरकारी कागदावर 'स्थानिक'. एप्रिल २०२४ पासून हे वर्ग काढून टाकले आणि सगळ्यांना सरसकट ५ हजार केले. ही बातमी आली तेव्हा मी मामांना फोन केला की आपण अर्ज करू.

मामा म्हणाले, "आरं आपण कुठं कलाकार? कलाकार म्हंजी बाई आन् सोंगाड्या. आपण मागं बसणारी मान्सं."

हे पहिलं ऑफिस, जिथं फाईल अडली. दोन महिने मामांनाच पटवण्यात गेले.

अटी तशा सोप्या वाटतात. वय ५० पूर्ण, दिव्यांग असाल तर ४०. कलेच्या क्षेत्रात किमान १५ वर्षं काम. वार्षिक उत्पन्न ६० हजाराच्या आत. केंद्राची किंवा राज्याची दुसरी कुठली महिन्याची पेन्शन चालू नको. आणि एका जिल्ह्यात एका वर्षी १०० जणच घेणार, आधी ६० होते. आता गंमत बघा, ५ हजार गुणिले १२ म्हणजे ६० हजार होतात. म्हणजे सरकारच्याच हिशोबानं ज्याला वर्षाला ६० हजार मिळत नाहीत तो गरीब, आणि त्याला आम्ही ६० हजार देणार. मी हे तलाठ्यांना बोलून दाखवलं तर ते म्हणाले जास्त हिशोब करू नका, दाखला घ्या आणि जावा.

पेन्शनच्या अटीवर आमच्या घरात भांडण झालं. मामांना श्रावणबाळचे दीड हजार मिळत होते. मामींचं म्हणणं, हातचं सोडून पळत्याच्या मागं कशाला लागायचं. त्यांचं चूक नव्हतं, कारण एका ऑफिसात आधी सांगितलं की श्रावणबाळ बंद केल्याचं पत्र आणा मग अर्ज घेतो, म्हणजे दीड हजार आज बंद आणि ५ हजार मिळाले तर मिळाले, शंभरात नंबर लागला तर. मी तीन वेळा गेलो, तिसऱ्या वेळी दुसरे एक क्लार्क होते, ते म्हणाले एवढं कशाला, मंजूर झाल्यावर सोडतो असं हमीपत्र लावा. तोच टेबल, तीच खुर्ची, माणूस बदलला की नियम बदलतो. त्यामुळं माझा पहिला सल्ला, एका माणसानं नाही म्हटलं तर लगेच फाईल घरी आणू नका.

मग आम्ही जुलै २०२४ मध्ये उत्पन्नाच्या दाखल्याला गेलो. जुलै २०२४ कुणाला आठवत असेल त्याला मी काही सांगायला नको. लाडकी बहीण नुकतीच जाहीर झाली होती, सेतू केंद्रावर सकाळी सातला बायकांची रांग, कडेवर पोरं, हातात आधार आणि रेशन कार्ड, सर्व्हर डाऊन, ऑपरेटरला घाम. आमचा अर्ज ऑनलाइनच भरायचा होता, पोरगा म्हणाला दादा तुमचं कलावंतांचं नंतर बघू, हे आधी. मामा आणि मामी दोघं एकाच दिवशी रांगेत उभे राहिले, मामी लाडक्या बहिणीच्या, मामा कलावंताच्या. मामी बासष्टच्या, त्यामुळं बसत होत्या. रक्षाबंधनाच्या आधी मामींच्या खात्यात दोन महिन्यांचे ३ हजार जमासुद्धा झाले. मामांचे पैसे यायला त्यानंतर वर्षाच्या वर लागलं. मी त्या योजनेच्या विरोधात नाही, मामींनी त्या पैशातनं पहिल्यांदा स्वतःच्या डोळ्यांचा चष्मा केला. पण सरकारला मनात आणलं की किती पटकन करता येतं ते त्या महिन्यात दिसलं एवढंच.

एक कागद होता तो मला आधी कळलाच नाही, पती-पत्नीचा एकत्र फोटो. कलावंत गेला तर मानधन पुढं जोडीदाराला चालू राहतं, त्यासाठी तो. ही मात्र खरंच चांगली तरतूद आहे. तर लग्नानंतर ह्या दोघांचा एकत्र फोटोच नव्हता. स्टुडिओत मामी मामांपासून एक हात लांब उभ्या, फोटोवाला म्हणतो आजी जवळ या, त्या म्हणतात एवढं बास हाय की.

आता मुख्य भानगड. पुरावा.

१५ वर्षं कला सादर केली याचा पुरावा लावा, असं आहे. प्रमाणपत्रं, पुरस्कार, वर्तमानपत्रातली कात्रणं, जाहिराती, आकाशवाणीची पत्रं असं काहीही. आता कीर्तनकाराकडं पत्रिका असते, साहित्यिकाकडं पुस्तक असतं, नाटकवाल्याकडं स्पर्धेचं सर्टिफिकेट असतं. ढोलकीवाल्याकडं काय असणार? मामांच्या पत्र्याच्या पेटीत सापडली ती तीन पोस्टरं. लाल-पिवळ्या रंगात, वर मालकाचं नाव चार बोटं उंच, खाली दोन बायांची नावं, त्याखाली सोंगाड्या, आणि सगळ्यात खाली 'व इतर सहकारी'. मामा म्हणजे ते 'इतर'. बरं, पोस्टरवर वर्षसुद्धा नाही. फडवाले एकदाच हजारभर पोस्टरं छापून घ्यायचे, गावाचं नाव आणि तारखेची जागा मोकळी ठेवायचे आणि ज्या गावची सुपारी मिळेल तिथं ब्रशनं लिहायचे. एका पोस्टरवर 'चैत्र वद्य अष्टमी' एवढंच आहे. कोणत्या सालची अष्टमी ते देवाला माहीत.

मग मी फडमालकांच्या घरी गेलो. मालक वारलेत, फड बंद पडून बरीच वर्षं झाली, मुलगा मंडप-डेकोरेशनचा धंदा करतो. चांगला माणूस, त्यानं माळ्यावरची ट्रंक खाली काढून दिली. त्यात काय काय निघालं! वगांच्या, म्हणजे तमाशातल्या नाट्यांच्या, जुन्या हस्तलिखित प्रती, आणि त्यांच्यासोबत रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचे दाखले. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी, आपल्याकडं नाटक असो की तमाशातला वग, स्टेजवर करायच्या आधी त्याची संहिता ह्या मंडळाकडं पाठवून मंजुरी घ्यावी लागते, १९५४ पासून हे चालू आहे. त्या प्रतींवर पानापानावर शिक्का. कुणीतरी मुंबईत बसून वग अक्षर न् अक्षर वाचलेला, एक-दोन ठिकाणी बतावणीतले (विनोदी संवादांतले) शब्द लाल पेनानं कापलेले. दाखल्यावर वगाचं नाव, लिहिणाऱ्याचं नाव, फडाचं नाव. वाजवणारा, गाणारा, नाचणारा कुणाचंच नाव नाही. ह्याखेरीज जत्रेच्या गावचे पोलीस परवाने होते, लाऊडस्पीकरचे परवाने होते, सगळे मालकाच्या नावावर. सरकारची नजर फडावर कायम होती, वगात काय बोलता, किती वाजेपर्यंत बोलता, भोंगा किती लावता. पण फडातल्या माणसांची नोंद कुठंच नाही. अनुदान दिलं तरी ते मालकाला, परवाना मालकाला, पुरस्कार मालकाला नाहीतर मुख्य बाईला. आणि बाईचं तरी काय, विठाबाई नारायणगावकरांच्या नावानं आज सरकार तमाशातला जीवनगौरव पुरस्कार देतं, पण २००२ साली त्या गेल्या तेव्हा शेवटचे दिवस कसे हलाखीत गेले ते सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. तिथं मागच्या रांगेतल्या ढोलकीवाल्याचं कोण लिहून ठेवणार.

लिहून ठेवलेलं होतं पण एका ठिकाणी. ट्रंकेच्या तळाला लाल कापडी बांधणीच्या लांबट वह्या निघाल्या. उचलीच्या वह्या.

उचल म्हणजे ऊसतोडीत असते तीच. हंगामाच्या आधी मालक कलाकाराला एकरकमी पैसे देतो, मग तो हंगामभर त्या पैशात बांधलेला. फिटली नाही तर पुढच्या हंगामाला परत त्याच फडात. वहीत दर दसऱ्याला 'श्री' काढून नवीन पान, साल, माणसाचं नाव, पुढं काम, मग रक्कम, आणि रेव्हेन्यू स्टॅम्पवर सही नाहीतर अंगठा. मामांचं नाव, पुढं 'ढो.', पुढं रक्कम. मी जमिनीवर बसून एकेक पान उलटत होतो आणि अंगावर काटा आला, कारण हाच तर पुरावा! १९८८, ८९, ९०, नावासकट, कामासकट, सहीसकट. कुठल्याही मंत्र्याच्या हस्ते मिळालेल्या सर्टिफिकेटापेक्षा पक्का.

आणि १९८९ च्या पानावर नेहमीच्या रकमेखाली वेगळी ओळ होती. 'बहिणीचे लग्न, ४,०००.'

ती बहीण म्हणजे माझी आई. तिच्या लग्नाचे पैसे फेडायला मामा पुढचे तीन हंगाम त्याच फडात होते, दुसऱ्या एका फडाचं जास्त पैशाचं बोलावणं आलं होतं तरी जाता आलं नाही, हे मला त्या दिवशी मालकाच्या मुलाकडनं कळलं. आईला माहीत आहे का ते मी अजून विचारलेलं नाही.

घरी येऊन मामांना वह्या दाखवल्या तर ते खूश व्हायचे सोडून गप्प झाले. मग म्हणाले, "झेराक्स काढशील तवा ती वळ झाक. हाफिसात कशाला समद्यांनी वाचायची." मी कागदाची पट्टी ठेवून झेरॉक्स काढली.

वह्या एकंदर ११ वर्षांच्या मिळाल्या. बाकीच्या वाळवीनं खाल्लेल्या. उरलेली चार वर्षं कशी भरली तेही सांगतो कारण हे उपयोगाचं आहे. एक, नव्वदच्या दशकातल्या त्या कॅमेऱ्यांत फोटोच्या कोपऱ्यात पिवळी तारीख छापून यायची, तसे दोन फोटो मिळाले, एकात मामा मागं अर्धे दिसतात पण ढोलकी पूर्ण दिसते. दोन, एका गावच्या जत्रा कमिटीची हिशोबाची वही, त्यात 'तमाशा बिदागी' म्हणून फडाचं नाव आणि साल, त्या गावच्या ग्रामपंचायतीनं त्यावरनं पत्र दिलं. तीन, दुसऱ्या एका फडाच्या मालकीणबाई अजून आहेत, त्यांनी स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं की अमुक ते अमुक साली हे आमच्याकडं होते. त्यांना भेटायला मी मुद्दाम गुढीपाडव्याच्या आधी नारायणगावला गेलो होतो, तेव्हा सगळ्या फडांच्या राहुट्या तिथं लागलेल्या असतात, गावोगावचे जत्रा कमिटीवाले सुपारी द्यायला येतात, म्हणजे एका फेरीत दहा फडवाले भेटतात. ज्यांना असा पुरावा गोळा करायचाय त्यांनी ती वेळ साधा, नंतर हे लोक सापडत नाहीत. (ही फेरी अर्ज भरल्यानंतरची, त्रुटी निघाली तेव्हाची. पुढं येतंच.)

तर ऑनलाइन अर्ज भरला, आणि छापील संच घेऊन तालुक्याला गेलो. तिथल्या साहेबांनी वहीची झेरॉक्स हातात घेतली, उलटीपालटी केली.

"हे काय आहे?"

मी म्हटलं उचलीची वही, फडात होते त्याचा पुरावा.

"हे तर कर्जाचं आहे. मला कलेचं पाहिजे."

मी समजावलं की तमाशात असंच असतं. ते म्हणाले असंल, पण जी.आर.मध्ये उचल असा शब्द नाही. मग त्यांचं लक्ष त्या झाकलेल्या ओळीकडं गेलं. "आणि हे काय झाकलंय? खाडाखोड चालत नाही. मूळ वही आणा." मामा शेजारी उभे होते. मी काही बोलायच्या आत त्यांनीच पिशवीतनं मूळ वही काढली आणि ते पान उघडून टेबलावर ठेवलं. साहेबांनी वाचलं. काही बोलले नाहीत, फक्त "बरं, पूर्ण झेरॉक्स लावा" एवढं म्हणाले आणि अर्ज घेतला. त्रुटीचा शेरा तरी मारलाच, १५ वर्षं पूर्ण दिसत नाहीत म्हणून, पण घेतला.

मग थांबणं. ऑगस्टमध्ये एका रात्री बातम्यांना कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह जळताना दाखवत होते, ८ ऑगस्टची रात्र. शाहू महाराजांनी बांधलेलं, आधी पॅलेस थिएटर म्हणायचे, शेजारीच खासबागचं कुस्ती मैदान. मामा टीव्हीसमोर मांडी घालून बसले होते. मला सारखं वाटत होतं की ज्या राजाच्या नावानं आपली फाईल फिरतीय त्याचंच थिएटर आपण सांभाळू शकलो नाही. लगेच कोट्यवधींच्या घोषणा झाल्या, ते परत उभं करायलाच हवं, त्यात वाद नाही. पण इमारतीला जसा पैसा पटकन मिळतो तसा माणसाला मिळत नाही हेही खरं. इमारत जळताना दिसते.

ऑक्टोबरच्या मध्याला विधानसभेची आचारसंहिता लागली, सगळं ठप्प. २० नोव्हेंबरला मतदान, मग निकाल, मग सरकार कधी बनतंय, मग खातेवाटप, मग पालकमंत्री. तुम्ही म्हणाल ढोलकीवाल्याच्या फाईलचा आणि पालकमंत्र्याचा काय संबंध? आहे. जिल्ह्याची जी निवड समिती असते त्यात अधिकाऱ्यांबरोबर अशासकीय सदस्यही असतात, म्हणजे साहित्यिक, कलावंत वगैरे, आणि त्यांची नावं पालकमंत्र्यांच्या शिफारशीनं येतात. पालकमंत्री नाही तर समिती नाही, समिती नाही तर बैठक नाही. जानेवारी २०२५ मध्ये पालकमंत्री जाहीर झाले. आमच्या जिल्ह्यात समिती बसायला त्यानंतरही काही महिने गेले. मी दर पंधरा दिवसांनी फोन करायचो आणि एकच उत्तर यायचं, वरून आलं नाही. तेवढ्या वेळात मी वर सांगितलेली नारायणगावची फेरी मारून त्रुटी भरून टाकली, म्हणजे थांबण्याचा तेवढा तरी फायदा.

जूनमध्ये फोन आला, सादरीकरणाला या. म्हणजे अर्जदार खरंच कलाकार आहे का ते बघायचं, आपली कला करून दाखवायची. सगळ्याच जिल्ह्यांत असं करतात की नाही कल्पना नाही, आमच्याकडं केलं, आणि मला विचाराल तर करावंच, कारण बोगस अर्ज ढिगानं येतात. हॉलबाहेर पांढऱ्या टोप्या घातलेले बारा-पंधरा जण होते, सगळ्यांकडं एकाच सरपंचाचं एकसारखं टाईप केलेलं पत्र, 'हे गेली तीस वर्षे भजन करतात', नाव तेवढं बदललेलं. त्यात खरे भजनीसुद्धा असतील, नाही म्हणत नाही. पण त्यांच्या शेजारी एक गोंधळी संबळ घेऊन बसला होता, एक म्हातारा वासुदेव मोरपिसांची टोपी पिशवीत घालून आलेला, आणि त्यांच्याकडं पत्रच नव्हतं, कुणी लिहूनच दिलं नव्हतं.

गेटवर सिक्युरिटीवाल्यानं मामांच्या खिशातला पाना काढून घेतला. लोखंडी हत्यार म्हणून. आता ढोलकीचे नट-बोल्ट आवळायला पाना लागतो, त्यात पाऊस, ढोलकीची चामड्याची पानं सैल पडलेली. मामा त्याला सांगतायत की बाबा ह्याच्याबिगर सूर लागत न्हाय, तो म्हणतो काका वरनं ऑर्डर आहे. शेवटी शिपायानं मध्यस्थी केली, पाना शिपायाच्या हातात, त्यानं तो हॉलच्या दारापर्यंत आणला, मामांनी दारातच बसून ढोलकी चढवली, चाट (पानाच्या कडेवरचा बोल) चार वेळा वाजवून बघितली, आणि पाना परत शिपायाकडं.

आत समितीतले एक सदस्य जुने शाहीर होते, अंगावर खादी, हातात आमचीच फाईल. त्यांनी पहिला प्रश्न विचारला (गण म्हणजे तमाशाच्या सुरुवातीला गातात ते गणपतीचं स्तवन), "गणाच्या आधी फडावर कोण येतं?"

"ढोलक्या आन् हलगीवाला. लोक जमूस्तोर आमीच की. बाया मागं पावडर लावत असत्यात." 

शाहीर हसले. म्हणाले वाजवा. मामा खाली बसले, गुडघा दुखत होता तरी मांडी घातली, आणि सुरू केलं. मी मामांना इतक्या वर्षांत लग्नाच्या वरातीशिवाय नीट ऐकलंच नव्हतं. त्या सिलिंग फॅनच्या, फाईलींच्या हॉलमध्ये तो आवाज असा काही फुटला की बाहेरचे भजनी दारात येऊन उभे राहिले. अर्ध्या मिनिटात एक अधिकारी म्हणाले, "झालं झालं, बास, पुढचे." मामा थांबले नाहीत. अधिकाऱ्यांनी परत हात केला. मामांनी तोडा पुरा केला, शेवटच्या थापेवर हात उचलला आणि मगच मान वर केली. अधिकारी जरा चिडले होते, कानाला ऐकू येत नाही का म्हणाले. शाहीर म्हणाले, "साहेब, मधी तोडत नसतात ते." मग त्यांनी वहीची झेरॉक्स शेजारच्या मॅडमना दाखवली आणि म्हणाले, "ही उचल बघा. फुकट कोण उचल देतं का हो? उचल आहे म्हणजे ढोलकी आहे." 

बाहेर आल्यावर मामांचा पहिला प्रश्न, पाना कुठाय.

यादी पावसाळा संपता संपता लागली, नाव होतं. मला वाटलं सुटलो. तर मग आधार पडताळणी. मशीनवर अंगठा ठेवायचा, मामांचा अंगठा काही केल्या येईना. दहाही बोटं झाली. ढोलकी सोडल्यावर मामांनी दुसऱ्याच्या रानात आणि वीटभट्टीवर काम केलंय, त्यामुळं बोटं नेमकी कशानं घासली ते सांगता येणार नाही, ऑपरेटरनं मात्र सरळ सांगितलं की यांच्या बोटांना रेषाच नाहीयेत. व्हॅसलीन लावलं, ओल्या फडक्यानं पुसलं, दुसऱ्या सेंटरला गेलो. शेवटी आधारला मोबाईल नंबर जोडून ओटीपीवर काम झालं. पण नंबर जोडण्याच्या त्या एका कामाला दोन हेलपाटे. ज्यांच्या घरी म्हातारं माणूस आहे त्यांनी आधारला मोबाईल आत्ताच जोडून घ्या, कुठल्याही योजनेला लागतो.

आणि हमीपत्राप्रमाणं तहसीलला श्रावणबाळ सोडल्याचा अर्ज दिला. ते ताबडतोब बंद झालं, त्या बाबतीत काही त्रुटी निघाली नाही. मानधन मात्र सुरू व्हायला वेळ लागला, मधे दोन महिने असे गेले की हेही नाही आणि तेही नाही, आणि मामी माझ्याशी फोनवर तुटक बोलायच्या. दिवाळीच्या तोंडावर ५ हजार आले. मामांनी किराणा दुकानाची उधारी दिली आणि उरलेल्यात कानाच्या डॉक्टरकडं गेले, डॉक्टर म्हणाला आता मशीनशिवाय काही होणार नाही, मशीनचा आकडा ऐकून परत आले.

आता दर वर्षी हयातीचा दाखला द्यायचा. तो मी माझ्या मोबाईलच्या कॅलेंडरमध्ये लावून ठेवलाय.

मला वाटलं होतं हा विषय इथं मिटला. पण गावात बातमी पसरली की ह्याचा भाचा काम करून देतो. गेल्या रविवारी मामांकडं गेलो तर ओट्यावर एक मावशी बसलेल्या, मामांच्याच फडात गायच्या आणि नाचायच्या, पोस्टरवर ज्या दोन बायांची नावं मोठी असायची त्यातली एक. मला वाटलं यांचं सोपं आहे, नाव छापलेलं आहे. तर पोस्टरवरचं नाव फडाचं, आधारवर माहेरचं तिसरंच, रेशन कार्डावर अजून वेगळं, बँकेत आडनाव नाही. जन्म झाला तो फड कुठल्यातरी जत्रेत असताना, त्यामुळं जन्माची नोंद नाही, शाळा नाही, रहिवासी दाखल्याला तलाठी विचारतात की तुम्ही ह्या गावच्या कधीपासून. मामा आतनं ती उचलीची वही घेऊन आले, त्यांनी ती मालकाच्या मुलाला परत दिलेलीच नाही हे मला तेव्हा कळलं. १९९२ च्या पानावर मावशींचं नाव निघालं, पोस्टरवरचं, आणि पुढं अंगठा.

"अंगठा माझाच हाय," मावशी म्हणाल्या. "तो जुळतोय का बघा की मशिनीवर."

मंगळवारी त्यांना घेऊन तालुक्याला जायचंय. नाव एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र करायला नोटरीकडं आधी थांबू, साडेदहाला उघडतो तो.